नाताळच्या सुट्टीत फ्रेंच शिकायला फ्रान्सला पाठवू का?

प्रश्न : ताई, माझी मुलगी पणजीला कॉलेजात सेकंड इयरला आहे. शाळेपासून फ्रेंच घेतलंय, ए टूची, म्हणजे दुसऱ्या लेव्हलची परीक्षा पण पास झाली. आता दोनेक आठवडे फ्रान्सला जाऊन शिकायचं म्हणते आणि सुट्टी म्हणाल तर नाताळचीच. एका एजंटने 20 डिसेंबर ते 3 जानेवारी असं पॅकेज दिलंय, पॅरिसला हॉस्टेल आणि आठवड्याला 20 लेसन. तिचे बाबा म्हणतात एवढ्या थंडीत कुठे पाठवतेस. ॲडव्हान्स भरू का?
– एक आई, फोंडा

उत्तर : मुलीला पाठवा, नक्की पाठवा, पण या तारखांना नको आणि ॲडव्हान्स तर आत्ता अजिबात भरू नका. थंडीचं बाबांना सांगा की ती कपड्यांनी निभावते, खरी अडचण वेगळीच आहे. नाताळात फ्रान्समधल्या शाळांना दोन आठवडे सुट्टी असते, विद्यापीठांची भाषा केंद्रं पण तेव्हा बहुतेक बंद, खाजगी लँग्वेज स्कूलमधली सुद्धा बरीच बंद असतात आणि जी चालू असतात तिथे मुलं इतकी कमी की दोन लेव्हलची मुलं एकाच वर्गात बसवतात नाहीतर तास कमी करतात. 25 डिसेंबर आणि 1 जानेवारी सरकारी सुट्ट्या, त्या क्लासच्या वारी आल्या तर ते क्लास बुडाले, भरून देणार का ते एजंटला लेखी विचारा. आणि लेसन म्हणजे किती मिनिटं हे पण विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी तो 45 मिनिटांचा असतो, म्हणजे 20 लेसनचे 15 तास झाले, दोन आठवड्यांचे 30 आणि सुट्ट्या वजा केल्या की 24. ए टूवरून बी वनला, म्हणजे पुढच्या लेव्हलला जायला साधारण दीडशे ते दोनशे तास लागतात, तेव्हा लेव्हल वाढवून देतो असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

मग दोन आठवड्यांत मिळतं काय, तर कान तयार होतो आणि बोलायची भीती जाते, आणि ते क्लासपेक्षा घरात जास्त होतं. म्हणून हॉस्टेल नको, फ्रेंच कुटुंबात राहू दे. हॉस्टेलात सगळ्या देशांची मुलं, ती आपसात इंग्लिशच बोलणार. शिवाय आपल्याकडे नाताळ म्हणजे नेवऱ्या दोदोल घेऊन शेजारीपाजारी जाणं, तिकडे 24च्या संध्याकाळी माणसं आपापल्या घरात जेवायला बसतात, दुकानं लवकर बंद, पॅरिसला पाचच्या आत अंधार पडलेला आणि पोर हॉस्टेलच्या खोलीत एकटी, मला हे खरंच बघवत नाही.

माझं ऐकाल तर नवीन वर्षाच्या पहिल्या सोमवारी क्लास सुरू होईल असं जाऊ दे. कॉलेज थोडं बुडेल, पण तिच्या सरांशी आधी बोलून घ्या, फ्रेंचसाठी जातेय म्हटल्यावर ऐकतील. ती अगदी बिगिनर नाही त्यामुळे बहुतेक शाळा तिला कुठल्याही सोमवारी घेतील. जानेवारीत मुलं परत आलेली, वर्ग भरलेले, विमानाचं तिकीट पण उतरलेलं. आणि 6 जानेवारीला आपल्या रेइश मागूशला, चांदरला जे तीन राजांचं फेस्त असतं ना, त्याच सणाचा तिकडे गालेत नावाचा केक, आत एक छोटी वस्तू लपवलेली, घरातलं सगळ्यात लहान माणूस टेबलाखाली बसतं आणि कुठला तुकडा कोणाला ते ओरडून सांगतं. वस्तू मिळेल तो राजा. तो केक जवळजवळ महिनाभर चालतो. अशा टेबलावर बसून हसत बोललेलं फ्रेंच वहीतल्यापेक्षा जास्त टिकतं. शहर पॅरिस नको, विशी, तूर, बेझाँसाँ, माँपेलिए अशी बघा, विशीची काविलाम ही भाषाशाळा तर 1964 पासून हेच काम करतेय. शाळेला 'कालिते एफएलई' हे परदेशी लोकांना फ्रेंच शिकवणाऱ्या शाळांच्या दर्जाचं सरकारी लेबल आहे का तेवढं तपासा.

तारखा बदलणं शक्यच नसेल तर मात्र 24 आणि 25ला घरी असणारं आणि मुलीला जेवणात सामील करणारं कुटुंब मिळालं तरच पाठवा, शाळेकडून तसं लिहून घ्या.

प्रश्न : अशा छोट्या कोर्सला कुठला व्हिसा लागतो, कधी अर्ज करायचा?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : 90 दिवसांच्या आतला कोर्स असेल तर शॉर्ट स्टे शेंगेन व्हिसा (फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा), फी 90 युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, साधारण 15 दिवसांत निकाल पण कधी 45 दिवस पण लागतात, म्हणून चवथ झाली की लगेच कामाला लागा, दिवाळीनंतर गर्दी वाढते. 30,000 युरो कव्हरचा इन्शुरन्स, शाळेचं पत्र, राहण्याचा पुरावा आणि बँक स्टेटमेंट हवंच. मूल 18च्या आतलं असेल तर आई बाबा दोघांचं संमतीपत्र पण तयार ठेवा.