‘कुड’ म्हटलं, पण काम झालं का?

प्रश्न : ताई, मी कार्यालयात अहवाल लिहिते. ‘अडचणी असूनही आम्ही मार्चमध्ये पाहणी पूर्ण करू शकलो’ या वाक्याचं इंग्रजी मी ‘डिस्पाइट द डिफिकल्टीज, वुई कुड कम्प्लीट द सर्व्हे इन मार्च’ असं केलं. साहेबांनी ‘कुड’ खोडून ‘वर एबल टु’ लिहिलं. पण पुढच्याच ओळीतलं ‘वुई कुड नॉट मीट एव्हरीवन’ त्यांनी तसंच ठेवलं. ‘कुड’ हा ‘कॅन’चा भूतकाळ ना? मग एका ओळीत चूक आणि दुसरीत बरोबर, हे कसं?

उत्तर : साहेबांनी योग्य तेच केलं. मला मात्र ही गोष्ट खोडून दाखवणारं कोणी भेटलं नाही, म्हणून मी ती फजिती करून घेऊन शिकले. भाषांतराची कामं नुकतीच घ्यायला लागले होते तेव्हाची गोष्ट. एका पुस्तकाचं शेवटचं प्रकरण रात्री जागून संपवलं आणि सकाळी प्रकाशकांना एका ओळीचं पत्र धाडलं : ‘आय कुड फिनिश द लास्ट चॅप्टर.’ मला म्हणायचं होतं, ‘संपवू शकले एकदाचं!’ उलट टपाली उत्तर आलं : ‘प्लीज डू.’ म्हणजे ‘जरूर संपवा’. दोन दिवस मी त्या दोन शब्दांकडे बघत बसले होते. त्यांनी माझं वाक्य ‘हवं तर शेवटचं प्रकरण मी संपवू शकेन’ असं वाचलं होतं, आणि वाचणाऱ्याची त्यात काही चूक नव्हती.

तुमच्या वाक्याचंही तेच होतं. ‘वुई कुड कम्प्लीट द सर्व्हे इन मार्च’ हे इंग्रजी कानाला ‘मार्चमध्ये करता येईल बरं का’ असं ऐकू येतं. ‘कुड’ अंगात असलेली क्षमता सांगतो. ती क्षमता वापरून एका ठरावीक वेळी काम पार पडलं, हे सांगायची जबाबदारी तो घेत नाही. ती घेतात ‘वॉज एबल टु’, ‘वर एबल टु’ आणि ‘मॅनेज्ड टु’. यातल्या ‘मॅनेज्ड टु’ला थोडा घाम फुटलेला असतो, अडचणी असूनही काम झालं असेल, तर तोच जास्त शोभतो.

आपल्याला हा भेद नवा वाटायचं खरं तर कारण नाही, कारण मराठी तो रोज करते. ‘लहानपणी मला झाडावर चढता यायचं.’ ‘काल मला झाडावर चढता आलं.’ ‘मला चढता आलं असतं, पण चढले नाही.’ यायचं, आलं, आलं असतं. पहिल्याला ‘कुड’, दुसऱ्याला ‘वॉज एबल टु’, तिसऱ्याला ‘कुड हॅव’. घोटाळा होतो तो शाळेत ‘कॅन म्हणजे शकतो, कुड म्हणजे शकला’ अशी जोडी पाठ केल्यामुळे. ‘शकला’ म्हटलं की मराठीत काम झालेलं असतं. ‘कुड’ म्हटलं की ते झालंच असेल असं नाही.

आता तुमची दुसरी ओळ. नकारात हा प्रश्न उरतच नाही. क्षमता नव्हती म्हटलं की काम झालं नाही हे आलंच, म्हणून ‘कुड नॉट’ दोन्हीकडे चालतो. दिसणं, ऐकू येणं, वास येणं, आठवणं, समजणं या क्रियांनाही मुभा आहे : ‘आय कुड हिअर फुटस्टेप्स’ म्हणजे पावलं खरोखरच ऐकू आली. आणि ‘ऑल वुई कुड डू वॉज वेट’सारख्या वाक्यात, म्हणजे ‘एवढंच काय ते करता आलं’ अशा अर्थाच्या पोटवाक्यात, ‘कुड’ सुखाने नांदतो.

पोटवाक्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ‘शी सेड दॅट शी कुड रिपेअर द रेडिओ.’ तिने रेडिओ दुरुस्त केला का? वाक्य सांगत नाही. ती ‘आय कॅन’ म्हणाली होती, आणि ‘सेड’च्या मागे चालताना ‘कॅन’चा ‘कुड’ झाला, इतकंच. मराठी अशा वेळी काळ बदलत नाही. ‘ती म्हणाली की मला दुरुस्त करता येतो’ यात ‘येतो’ तसाच राहतो. म्हणून आपल्या हातून ‘शी सेड दॅट शी कॅन’ सहज लिहिलं जातं. ती बाई अजूनही रेडिओ दुरुस्त करत असेल तर तेही चालेल. पण गोष्ट जुनी असेल तर ‘कुड’च हवा.

प्रश्न : ‘बाळाला झोप यावी म्हणून मी दिवा मालवला.’ याचं इंग्रजी ‘सो दॅट द बेबी कॅन स्लीप’ की ‘कुड स्लीप’? माझा भाऊ म्हणतो, ‘बिकॉज’ वापर आणि मोकळा हो.

उत्तर : भावाचं ऐकू नका, पण त्याची चूक कुठून आली ते बघण्यासारखं आहे. ‘झोप यावी म्हणून दिवा मालवला’ आणि ‘झोप आली म्हणून दिवा मालवला’ या दोन्ही वाक्यांत ‘म्हणून’ तोच आहे. पहिलं वाक्य हेतू सांगतं, दुसरं कारण. मराठीत हा फरक क्रियापदाच्या शेपटीत असतो, ‘यावी’ आणि ‘आली’ यांत. इंग्रजीत तो जोडशब्दावर येऊन पडतो : हेतूला ‘सो दॅट’, कारणाला ‘बिकॉज’. आपण ‘म्हणून’ला एकच इंग्रजी शब्द शोधत बसलो की फसलोच.

तुम्ही दिवा मालवला तो भूतकाळात, तेव्हा ‘आय टर्न्ड ऑफ द लाइट सो दॅट द बेबी कुड स्लीप’. हेतू अजून पुढे उभा असेल तर ‘कॅन’ येतो : ‘आय हॅव टर्न्ड ऑफ द लाइट सो दॅट द बेबी कॅन स्लीप’, दिवा आत्ताच मालवलाय, आता झोपू दे. ‘कुड’च्या जागी ‘वुड’ घातलात तर रंग थोडा बदलतो. ‘कुड’ वाट मोकळी करतो, ‘वुड’ला झोप लागावी अशीच अपेक्षा असते. ‘माइट’ही चालतो, पण त्याला जुन्या ग्रंथांचा वास आहे.

पण बाळ झोपलं का? तुमचं वाक्य तेही सांगत नाही! पहिल्या प्रश्नातला ‘कुड’ इथेही हात वर करून उभा आहे. झोपलं असेल आणि ते सांगायचं असेल, तर ‘दॅट’ काढा : ‘आय टर्न्ड ऑफ द लाइट, सो द बेबी वॉज एबल टु स्लीप.’ आता तो परिणाम झाला. छपाईची प्रुफं तपासताना मी या ‘दॅट’वर पेन्सिलीने हमखास गोल करते, कारण लेखकाला हेतू म्हणायचाय की परिणाम, हे बऱ्याचदा त्यालाच विचारावं लागतं.

दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तर एवढा पसारा नको. ‘गाडी पकडायला लवकर उठले’ याला ‘आय गॉट अप अर्ली टु कॅच द ट्रेन’ पुरतं. तिथे ‘फॉर कॅच’ किंवा ‘फॉर टु कॅच’ लिहू नका. नकारी हेतूला ‘सो अ‍ॅज नॉट टु’ घ्या : ‘आय वॉक्ड सॉफ्टली सो अ‍ॅज नॉट टु वेक हिम.’

प्रश्न : ‘आय विश आय कॅन कम’ यावर मास्तरांनी लाल रेघ मारली. माझी इच्छा आत्ताची आहे, यायचंही आत्ताच आहे. मग भूतकाळातला ‘कुड’ कशासाठी?

उत्तर : तुम्ही ‘पाऊस आला तर छत्री उघडू’ म्हणता तेव्हा पाऊस आलेला असतो का? ‘आला’ हे रूप भूतकाळाचं, पाऊस मात्र अजून यायचा आहे. भूतकाळाचं रूप केवळ कालसाठी नसतं. जे हाताशी नाही ते दाखवायलाही भाषा तेच रूप वापरते. ‘आय विश आय कुड कम’मधला ‘कुड’ तसाच आहे. अर्थ असा की यायची इच्छा आहे, पण जमण्यासारखं नाही. म्हणूनच जे शक्य आहे त्यासाठी ‘विश’ नको, ‘होप’ हवा : ‘आय होप आय कॅन कम.’ परीक्षेला बसलेल्या भाचीला ‘आय विश यू पास’ लिहू नका, ‘आय होप यू पास’ लिहा. पुढे क्रियापदाऐवजी नाम आलं तर मात्र ‘विश’ चालतो : ‘आय विश यू सक्सेस.’

यायची संधीच निघून गेली असेल, तर ‘आय विश आय कुड हॅव कम’. मराठीत ‘यायला जमलं असतं तर!’ म्हणताना जो सुस्कारा टाकतो, तो इथे ‘हॅव’मध्ये आहे. आणि इच्छाच जुनी असेल, तर ‘शी विश्ड शी कुड कम’. तिथे ‘कुड’ आणखी मागे सरकत नाही, हे बघून अनेकजण बुचकळ्यात पडतात. तिची इच्छा आणि तिचं न जमणं एकाच वेळचं होतं, मग सरकायचं कशाला?

‘वुड’पासून जरा सांभाळून. ‘आय विश यू वुड रिप्लाय’ ही विनंती वाटते, पण वाचणाऱ्याला त्यात ‘उत्तर तरी द्या की हो’ असा चिमटा लागतो. चिमटा काढायचा असेल तर खुशाल वापरा. स्वतःविषयी मात्र ‘आय विश आय वुड’ सहसा म्हणत नाहीत, तिथे ‘कुड’ घ्यावा.

प्रश्न : ‘कुड’च्या स्पेलिंगमधला ‘एल’ उच्चारत नाहीत, मग तो आहे कशाला?

उत्तर : शेजाऱ्यांचं बघून आलाय. ‘वुड’ हा ‘विल’पासून आणि ‘शुड’ हा ‘शॅल’पासून झाला, म्हणून त्यांच्यातला ‘एल’ वडिलोपार्जित आहे. ‘कॅन’मध्ये ‘एल’ कधीच नव्हता. पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास लिहिणाऱ्यांनी तिघांना एका रांगेत बसवायला तो ‘कुड’मध्येही घुसवला. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत ‘कॅन’च्या पूर्वजाचा अर्थ ‘जाणणं’ असा होता. ‘अनकूथ’ हा शब्द त्याच घराण्यातला. आज त्याचा अर्थ ‘असंस्कृत’ असा घेतात, पण मुळात तो होता ‘अनोळखी’. आपण ‘पोहता येतं’ म्हणतो, ते म्हणायचे ‘पोहणं जाणतो’.