कॉलर बोन, विमा आणि केसपेपरवरचा तो एक शब्द

काल रात्री तुमची पोस्ट वाचता वाचता माझा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. साताऱ्याजवळच्या कास पठारावरून उतरताना यवतेश्वरच्या घाटात सायकल घसरली, कॉलर बोनचे, म्हणजे गळ्याजवळच्या हाडाचे, दोन तुकडे, डॉक्टर प्लेट घालू म्हणतात, गोव्याची हाफ आयर्नमन (पोहणं, सायकल आणि पळणं अशी सलग शर्यत) अकरा आठवड्यांवर आली आहे, आणि दवाखान्यातल्या विम्याच्या काउंटरवर सांगतात की ‘ही स्पोर्ट्स इंज्युरी, कॅशलेसचं काही खरं नाही’, म्हणजे कंपनी परस्पर बिल भरेल याचा भरवसा नाही. तुमचे प्रश्न दोन: रेस होईल का, आणि पैशाचं काय. पहिल्या प्रश्नावर वर मंडळींनी भरभरून लिहिलंय. दुसऱ्यावर एकच सल्ला आलाय, तोही घातक. म्हणून मी लिहायला बसले.

आधीच सांगते, मी वकील नाही, डॉक्टर नाही, विमा एजंट तर नाहीच. हायस्कूलला भूगोल शिकवते. माझ्या बाबतीत घडलं ते आणि त्या भरात जेवढं वाचावं लागलं तेवढंच मला माहीत आहे. तुमची पॉलिसी वेगळी असू शकते, ती काढून समोर ठेवा.

माझं झालं ऑगस्ट २०२२ मध्ये. रविवार, सकाळचे सव्वासात. हिल मॅरेथॉनच्या तयारीसाठी त्या दिवसांत अर्धा सातारा यवतेश्वर चढत असतो. धुकं इतकं की खालचं शहर दिसत नव्हतं. डोंगराचं पाणी रस्त्यावरून वाहतं अशा एका वळणावर शेवाळ धरलं होतं, आणि मी नेमका तिथंच पुढचा ब्रेक दाबला. तुरीची वाळकी काठी मोडावी तसा आवाज हेल्मेटच्या आत ऐकू आला. चढणाऱ्या पोरांनी उचललं, एका दूधवाल्यानं सायकल टेम्पोत किटल्यांना बांधली आणि मला पुढं बसवलं. हात लोंबत होता आणि मी त्याला विचारत होते, ‘दादा, माझं घड्याळ तेवढं बंद करता का? राइड चालूच राहिलीय.’

खरी चूक घाटात झाली नाही. ती झाली दवाखान्यात, खुर्चीवर बसल्या बसल्या.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होते. ‘काय झालं मॅडम?’ एवढंच विचारलं. मी म्हणाले असते, सायकलवरून पडले, तर विषय संपत होता. पण मी सुरू झाले. आयर्नमनची तयारी चालू आहे, गोव्याला १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल, वर २१ किलोमीटर पळायचं, तीन महिने राहिलेत. घरी हे ऐकायला कुणाला वेळ नव्हता. सासूबाईंच्या दृष्टीनं मी पहाटे उठून उनाडायला जायचे. डॉक्टरांचे डोळे मोठे झाले. ‘अरे वा, म्हणजे तुम्ही ॲथलीट आहात!’ म्हणाले आणि तसं लिहिलं. खरं सांगू? दोन मिनिटं दुखायचं थांबलं. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मला पहिल्यांदा कुणी ॲथलीट म्हणालं होतं. त्या शब्दाची किंमत मला एक लाख अडतीस हजार रुपये पडली.

कारण केसपेपरवरचं वाक्य तिथंच राहत नाही. ते भरतीच्या नोंदीत उतरतं, तिथून कॅशलेसच्या फॉर्मवर आणि मग डिस्चार्ज समरीत. माझ्या सगळ्या कागदांवर इंग्रजीत एकच ओळ: ॲथलीट, रेस ट्रेनिंग करताना सायकलवरून पडली. कॅशलेस नाकारलं. शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढून बिल भरलं, नंतर परताव्यासाठी अर्ज केला, तोही फेटाळला. कारण दिलं, ‘धोकादायक किंवा साहसी खेळ’.

आता ते कलम बघा. आपल्याकडच्या आरोग्य विमा पॉलिस्यांत वगळलेल्या गोष्टींना ठरीव क्रमांक आहेत, त्यात ०९ हा साहसी खेळांचा. त्यात यादी आहे: पॅराजंपिंग, रॉक क्लायंबिंग, गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटार रेसिंग, घोड्यांच्या शर्यती, स्कुबा डायव्हिंग वगैरे. सायकल त्यात नाही. यादीत सायकल कुठाय, म्हणून मी फोनवर अडीच महिने भांडले. पण यादीच्या आधीच लिहिलंय की ती एवढ्यापुरतीच मर्यादित नाही, त्यामुळं ते भांडण पहिल्या दिवसापासून हरलेलं होतं. प्रत्येक वेळी वेगळा माणूस फोन घ्यायचा, नवा तक्रार क्रमांक द्यायचा, ‘तुमचं म्हणणं वर कळवलंय’ म्हणायचा. ‘वर’ म्हणजे कुठं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. एजंट तर पॉलिसी विकताना घरी येऊन चहा पिऊन गेला होता. आता तो फोनच उचलेना.

शेवटी एक दिवस अर्धी रजा टाकून विमा कंपनीच्या कार्यालयात गेले. कोणतं ते विचारू नका. तिथल्या साहेबांनी विचारलं, ‘तुम्ही खेळाडू आहात का?’ मी शहाणी झाले होते, म्हटलं, नाही. तर म्हणे, ‘मग तसं सर्टिफिकेट आणा.’ खेळाडू नसल्याचं सर्टिफिकेट! मी वेडी ते आणायलाही निघाले. खेळांशी संबंध असलेल्या एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला. तिथल्या बाबूंनी तो दोनदा वाचला, शेजारच्याला दाखवला आणि म्हणाले, ‘बाई, आम्ही खेळाडू असल्याचा दाखला देतो. नसल्याचा द्यायचा तर सगळ्या जिल्ह्याला द्यावा लागेल.’ तेव्हा रडू आलं होतं. आता वर्गात सांगते तेव्हा मुली हसतात.

मार्ग दाखवला तो आमच्या शाळेच्या हेडक्लार्कनी. तीस वर्षं सेवापुस्तकं आणि वेतननिश्चिती करणारा माणूस, कागद कसा वाचायचा हे त्यांच्याकडून शिकावं. त्यांनी मधल्या सुट्टीत पॉलिसीचं पुस्तक मागून घेतलं, कलम ०९ वर पेन्सिल ठेवली आणि दोन इंग्रजी शब्दांखाली रेघ मारली: ॲज अ प्रोफेशनल. म्हणजे व्यावसायिक म्हणून अशा खेळात भाग घेतला आणि त्यामुळं उपचार करावे लागले, तर ते वगळलेले. ‘तुम्हाला पळायचे पैसे मिळतात का?’ म्हणाले. म्हटलं, अहो, मी पैसे भरून पळते. ‘मग हेच लिहा.’

तेच लिहिलं. सायकलिंग साहसी आहे की नाही या वादात शिरलेच नाही. सोबत जोडलं: शाळेचा पूर्णवेळ नोकरीचा दाखला, फॉर्म सोळा (उत्पन्न पगाराचं, खेळाचं एक रुपया नाही), रेसचं शुल्क माझ्या खात्यातून गेल्याची पावती, आणि ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांचं पत्र की रुग्ण हौशी सायकलस्वार आहे, दुसऱ्या वाहनाचा संबंध नाही, मद्याचा अंमल नव्हता. हे पत्र वेगळं घ्यायचं. मूळ केसपेपरमध्ये खाडाखोड करून घ्यायला जाल तर नवीनच संशय ओढवून घ्याल, आणि डॉक्टरही करणार नाहीत, करूही नये.

अर्ज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे ईमेलनं आणि रजिस्टर पोस्टानंही पाठवला. महिनाभर उत्तर नाही. मग विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी, आपल्याला पुण्याचं कार्यालय. शुल्क नाही, वकील लागत नाही. मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी, त्यांनी नाकारलेली तरी हवी किंवा महिनाभर गप्प बसलेले तरी हवेत, आणि त्यानंतर वर्षाच्या आत जायला हवं. फोनवरच्या तक्रारी इथं मोजत नाहीत. माझे अडीच महिने असेच पाण्यात गेले, आणि पतसंस्थेचं व्याज त्या काळातही चालूच होतं. सुनावणी ऑनलाइन झाली, स्टाफरूममध्ये मोबाइल डस्टरच्या डब्याला टेकवून. कंपनीच्या प्रतिनिधीला एकच प्रश्न विचारला गेला, की या बाईंनी खेळातून कमाई केल्याचा पुरावा आहे का. नव्हता. मी पडल्यानंतर नवव्या महिन्यात पैसे आले, हातमोजे-कापूस वगैरेंचा खर्च कापून. तुमच्या बाबतीतही असंच होईल अशी हमी मी देत नाही.

आता त्या घातक सल्ल्याबद्दल. वर एकानं लिहिलंय, ‘बाथरूममध्ये पडलो म्हणून सांगा.’ कृपा करून असलं काही करू नका. एक तर तुमची राइड स्ट्राव्हावर, म्हणजे राइड नोंदवणाऱ्या ॲपवर, आहे, उतारावरच्या वेगासकट, आणि खाली सत्तर जणांनी ‘गेट वेल सून’ लिहिलंय. दुसरं, खोटी माहिती दिली म्हणून दावाच काय, पॉलिसीही जाऊ शकते, आणि ती सगळ्या घराची मिळून असेल तर सगळ्यांचीच जाते. खरं सांगायचं, पण प्रश्नापुरतं. कसं झालं? सायकलवरून घसरून पडलो. कशासाठी चालवत होता? हौस, व्यायाम, स्पर्धेतही हौशी म्हणून उतरतो. नोकरी काय? जी असेल ती. फॉर्मवर रस्ता अपघात आहे का, पोलिसांत नोंद आहे का, दारू प्यायला होता का, असे रकाने असतात. ते कोरे राहू देऊ नका. दवाखान्यानं एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची नोंद) केली असेल तर तिची प्रत आजच मागा, नंतर मागितली की फाइल सापडत नाही. वैयक्तिक अपघात विमा वेगळा असेल तर त्याच्या अटी वेगळ्या, काहींत शर्यतीबद्दल कडक भाषा असते, तीही वाचा.

रेसबद्दल थोडक्यात. जाऊ नका. राग येईल, येऊ द्या. हाड सहा ते बारा आठवड्यांत जुळतं हे खरं, पण जुळणं वेगळं आणि गोव्यात मिरामारच्या समुद्रात शेकडो लोकांचे हातपाय खांद्यावर घेणं वेगळं. डॉक्टरांच्या परवानगीनंतर मी बाराव्या आठवड्यात तलावात उतरले. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेली मी, पन्नास मीटरवर कठडा धरून उभी राहिले. घरातला ट्रेनर, म्हणजे जागेवरच सायकल चालवायचा स्टँड, त्याआधी बराच लवकर जमतो, ताठ बसून, हँडलवर भार न देता. तेही डॉक्टरांना विचारूनच. २०२३ ला गोवा केलं, साडेआठ तासांच्या मुदतीत एकोणीस मिनिटं राखून.

बाकी किरकोळ. हेल्मेट बाद करा, वरून चांगलं दिसलं तरी. दोन-तीन पुढून बटणांचे शर्ट काढून ठेवा. झोळीतल्या हाताचं कोपर आणि बोटं हलवत राहा, नाहीतर खांदा सुटेपर्यंत कोपर आखडतं. फळ्यावर दोन महिने माझ्या मुली लिहायच्या आणि मी शुद्धलेखन सांगायचे. घरात सगळ्यात अवघड काय गेलं असेल तर एका हातानं केस बांधणं. रोज सकाळी सासूबाई वेणी घालायच्या, घट्ट, तेल लावून, आणि प्रत्येक पेडाला एक वाक्य ऐकवायच्या. तुमची त्यातून सुटका आहे. घाटाचं म्हणाल तर पावसाळ्यात मी आता सायकलनं चढते आणि टेम्पोनं उतरते. क्लबातली पोरं हसतात, हसू देत.

तुम्ही अजून दवाखान्यातच आहात असं पोस्टवरून वाटतंय. तसं असेल तर डिस्चार्ज समरीवर सही व्हायच्या आधी ती वाचायला मागा, आणि ‘हिस्ट्री’ या रकान्यात काय लिहिलंय ते मला कळवा. माझ्या अर्जाचा मसुदा कंपनीचं नाव खोडून उद्या शाळा सुटल्यावर टाइप करून पाठवते. डाव्या हातानं टाइप करायची सवय अजून गेलेली नाही, तेव्हा वेळ लागेल.