साठीनंतरची रंगपेटी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शाळेत इंटरमिजिएट दिली होती, मग सगळा जन्म बँकेत गेला. आता निवृत्त झालोय. या वयात चित्रकार होता येईल? (डिचोली)

रवींद्रनाथ ठाकूर चित्रांकडे मनापासून वळले ते साठीनंतरच. १९३० साली पॅरिसला त्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा सत्तरी जवळ आली होती. वयाचं सोडा, पण हात बसायला वेळ लागतो हे खरं. रंग लगेच आणू नका. महिनाभर ६बी पेन्सिल आणि स्वस्तातली वही पुरे. सोप्यावर बसून समोर दिसेल ते काढा: विळी, सोललेला नारळ, शेजाऱ्यांची स्कूटर. मोबाइलमधला फोटो बघून नको; त्यात सावल्या नुसत्या काळ्या येतात.

प्रश्न : पावसाळ्यात जलरंग लावला की कागदावर ठिपके उठतात. रंग खराब निघाले का? (फोंडा)

रंग बिचारे ठीक आहेत, कागद गेलाय. जलरंगाच्या कागदाला कारखान्यातच सरसासारख्या पदार्थाचा हात दिलेला असतो. त्यामुळे पाणी थोडा वेळ वर राहतं आणि आपल्याला रंग खेळवता येतो. आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमट हवेत हा थर जागोजागी मरतो. तिथे रंग क्षणात आत मुरतो आणि आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, दिला की त्याला गोवर आल्यासारखं दिसतं. कोपऱ्यात फिकट रंगाचा एक हात फिरवून बघा. गडद ठिपके उमटले तर तो कागद जलरंगाला बाद. फेकू मात्र नका, ३०० जीएसएमचा जाड कागद काही स्वस्त नसतो. जेसो (रंगाआधी लावायचं पांढरं अस्तर) लावून अ‍ॅक्रिलिकला घ्या, नाहीतर कोळशाने स्केचिंग करा. पुढच्या वर्षी मे संपायच्या आत कागद सिलिका जेलच्या पुड्या घालून प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधा. चिऱ्याच्या भिंतीला टेकवून कधीच ठेवू नका.

प्रश्न : मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून माझी आधीची चित्रं तांबूस वाटतात. दुरुस्त करू? (म्हापसा)

अजिबात नको, ताई. मोतीबिंदू झालेलं भिंग निळा रंग अडवतं, म्हणून तेव्हा ते रंग तुम्हाला बरोबर वाटले. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३ साली झालं. त्याआधीच्या त्याच्या काही चित्रांतही असाच तांबडा-तपकिरी रंग चढलाय. मागे तारीख घाला आणि नवं काढायला घ्या.

प्रश्न : क्लास लावू की यूट्यूब बघून शिकू? (मडगाव)

क्लास. चूक तिथल्या तिथे दाखवणारं कुणीतरी हवं. पण त्याआधी एकदा पणजीला फोंताइन्यशमध्ये, फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेच्या घरात जाऊन या. सांग्यात जन्मलेले चित्रकार आंतोनियो शावियर त्रिंदाद यांची चित्रं तिथे आहेत. एखाद्या व्यक्तिचित्रासमोर उभे राहा आणि नुसत्या गालावर किती रंग आहेत ते मोजा. निघण्याआधी वेळ तेवढी विचारून घ्या.