गाडी कोणत्या मेकॅनिककडे सोपवावी?

प्रश्न : माझ्या गाडीची वॉरंटी संपली आहे. ब्रेक लावताना आवाज येतो म्हणून ती जवळच्या गॅरेजमध्ये नेली, तेव्हा पॅडबरोबर डिस्कही बदलावी लागेल, असे सांगण्यात आले. मेकॅनिक विश्वासू आहे की नाही, हे कसे ओळखावे?

उत्तर : चाक उतरवून दोन्ही भाग, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती (डिस्क) आणि ब्रेक लावताना तिच्यावर दाबले जाणारे पॅड, समोर दाखवण्याची विनंती करा. पॅडचे अस्तर झिजून साधारण ३ मिलिमीटरच उरले असेल, तर ते बदलणे योग्यच आहे. डिस्कची किमान जाडी मात्र बहुधा डिस्कवरच कोरलेली असते, त्यामुळे प्रत्यक्ष जाडी मोजून दाखवल्याशिवाय नव्या डिस्कला संमती देऊ नका. जो कारागीर हे मोजमाप कुरकुर न करता दाखवतो, त्याचे गॅरेज लहान असले तरी त्याच्याकडेच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सुटे भाग आणि मजुरी यांचा वेगवेगळा अंदाज कामाआधी लेखी घ्या, काढलेले जुने भाग परत मागा आणि पक्के बिल जपून ठेवा, कारण त्यावाचून ग्राहक आयोगापुढे तक्रार सिद्ध करणे अवघड जाते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दुसऱ्या मेकॅनिकचे मत अवश्य घ्या, परंतु प्रश्न ब्रेकचा असल्याने त्यासाठी तपासणी लांबवू नका.