सिस्टरना विचारा : ‘मला कॅज्युअल्टीच हवी’

प्रश्न : सिस्टर, सप्रेम नमस्कार. आम्ही ऐरोलीला राहतो. माझी मुलगी बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मैत्रिणींबरोबर तिने बीबीसीच्या ‘कॅज्युअल्टी’ या मालिकेचा अगदी पहिला, १९८६ चा सीझन पाहिला. तेव्हापासून एकच धोशा लावलाय, पास झाले की कॅज्युअल्टीच, म्हणजे रुग्णालयाचा अपघात-तातडीचा विभागच, घेईन. तिचे बाबा म्हणतात, शाळेत नाहीतर एखाद्या कंपनीच्या दवाखान्यात नोकरी बघ, दिवसाची. घरात रोज वाद. एवढ्या जुन्या विलायती मालिकेवरून मुलीने असा निर्णय घ्यावा का? त्यात दाखवतात तसं खरंच असतं का?
– एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, मालिका पाहून निर्णय घेऊ नये हे खरं. पण तिच्या हाती लागलेला सीझन मी कुठल्याही नर्सिंगच्या मुलीला बघायला सांगेन. मी तो माझ्या भाचीकडे पाहिला. ती कार्डिफला नर्स आहे. मालिकेचं चित्रीकरण आता तिथेच होतं, पूर्वी ते ब्रिस्टलला व्हायचं. भाची ड्युटीवर गेली की मी एकेक भाग लावून बसायचे. बोलणं सगळं कळायचं नाही, पण स्ट्रेचर आत आल्यावर कोण कुठे धावतंय हे कळायला इंग्रजी लागत नाही.

पहिला भाग ६ सप्टेंबर १९८६ ला लागला. सीझन १५ भागांचा, आणि गोष्ट रात्रपाळीची. होल्बी हे शहर आणि त्यातलं रुग्णालय काल्पनिक आहे, पण रात्रपाळी बंद होण्याची टांगती तलवार आहे ती अगदी आपल्या ओळखीची. जेरेमी ब्रॉक आणि पॉल अनविन या दोन तरुणांनी मालिका उभी केली ती चिडून. १९४८ मध्ये ब्रिटनने सगळ्यांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली, आणि ऐंशीच्या दशकात तिची चाललेली आबाळ त्यांना बघवेना. तेव्हाच्या सत्ताधारी हुजूर पक्षाला हे चांगलंच झोंबलं.

मला त्या सीझनचं सगळ्यात मोठं काय वाटलं, तर त्याचा नायक नर्स आहे. चार्ली फेअरहेड, चार्ज नर्स, म्हणजे पाळीचा प्रमुख नर्स. आपल्याकडे आपण त्याला ब्रदर म्हटलं असतं. ब्रिस्टलमधल्या पीट सॉल्ट नावाच्या खऱ्या चार्ज नर्सवरून तो बेतलेला आहे आणि तेच पुढे मालिकेचे वैद्यकीय सल्लागार राहिले. डेरेक थॉम्पसन यांनी ही भूमिका २०२४ पर्यंत केली. त्याच्याबरोबर वयाने मोठी, सगळ्यांना सांभाळून घेणारी मेगन, नवखी डफी, कुबा नावाचा पोलिश पोर्टर, म्हणजे आपला वॉर्डबॉय, ॲम्ब्युलन्सवरची जोडी. मेगन झालेल्या ब्रेंडा फ्रिकर यांना नंतर एका चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं. आपल्या पडद्यावरच्या सिस्टर मात्र बहुतेक वेळा ट्रे धरून दारात उभ्या असतात आणि ‘डॉक्टर, पेशंटला शुद्ध आली’ एवढंच म्हणतात. मुलीला चार्ली आणि मेगन पाहून आपणही असं काम करावंसं वाटलं असेल, तर ताई, त्यात वावगं काही नाही.

आता खरं-खोटं. एका भागात जेवढी संकटं येतात तेवढी एका रात्रीत क्वचित येतात. ठाणे जिल्ह्यातल्या सरकारी कॅज्युअल्टीत माझी उमेदीची वर्षं गेली. रात्रीचा बराच वेळ ताप, उलट्या, दमा, पिऊन पडलेले आणि लिखापढीत जायचा. एमएलसी, म्हणजे पोलिसांत नोंद होणारी केस, असली की रजिस्टर, पोलिसांना कळवणं, पेशंटच्या अंगावरचे कपडे-वस्तू यादी करून ताब्यात देणं. हे मालिकेत कोण दाखवणार! नातेवाइकांचा आरडाओरडा मात्र तिथेही दिसतो. तोही अगदी खरा.

आणखी एक गोष्ट अगदी खरी आहे. पेशंटला पहिलं नर्स बघते. सीएमओ, म्हणजे कॅज्युअल्टीचा डॉक्टर, दुसऱ्या टेबलावर टाके घालत असतो, बाहेर वीस जण केसपेपर घेऊन उभे, आणि त्यातला कोण थांबू शकतो आणि कोण नाही हे सिस्टरच्या नजरेने ठरतं. जो जोरात ओरडतोय त्याचा श्वास निदान चालू आहे. कोपऱ्यातल्या बाकावर गप्प बसलेला, शर्ट घामाने चिकटलेला, ‘ॲसिडिटी झालीय’ म्हणत जबडा चोळणारा पन्नाशीचा माणूस आधी आत घ्यायचा, ईसीजी काढायचा, केसपेपर मागून. ही नजर पुस्तकातून येत नाही.

मुंब्रा-कळव्याच्या बाजूने लोकलमधून पडलेली माणसं आमच्याकडे यायची. असाच एक मुलगा आला होता, विशीतला. आमच्या वॉर्डबॉयने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, मान जराही वळू नये म्हणून. मी कात्रीने जीन्स पायापासून कमरेपर्यंत कापत होते, डॉक्टर तोंडातलं रक्त सक्शनने काढत होते, मावशी ब्लड बँकेत पळाल्या होत्या. मानेला कॉलर लागेपर्यंत त्या वॉर्डबॉयने हात हलवला नाही. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसायलाही नाही. मणका शाबूत राहिला तो त्या हातांमुळे, हे मी आजही कुणालाही छातीठोकपणे सांगेन. केसपेपरवर वॉर्डबॉयचं नाव लिहायला जागा नसते. त्या सीझनमध्ये पोर्टरलाही नाव आहे, गोष्ट आहे, हे मला म्हणून फार मोलाचं वाटतं.

तुमच्या यजमानांची काळजी मला कळते, आणि ती निराधार नाही. त्याच सीझनमध्ये ड्युटीवर येताना वाटेत डफीवर अत्याचार होतो. तो प्रसंग बघताना माझ्या डोळ्यांपुढे नर्स अरुणा शानबाग होत्या. आमच्या पिढीतल्या कुठल्या सिस्टरला ते नाव माहीत नाही? नोव्हेंबर १९७३ मध्ये केईएममध्ये, स्वतःच्याच रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला आणि मे २०१५ पर्यंत त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. तिथल्या सिस्टरांच्या कितीतरी तुकड्यांनी त्यांचं सगळं केलं. महाराष्ट्रात डॉक्टर-नर्सवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून वेगळा कायदा आहे, हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा आहे. पण रात्री दोन वाजता कायदा दारात उभा नसतो, शिपाई उभा असावा लागतो.

म्हणून यजमानांना म्हणावं, ‘कॅज्युअल्टी नको’ असं म्हणण्याऐवजी मुलीबरोबर जाऊन रुग्णालय बघून या. रात्री दारावर सुरक्षारक्षक किती? सिस्टरांच्या चेंजिंग रूमला आतून कडी आहे का? एका शिफ्टला सिस्टर किती, की एकटीच? उशिराच्या शिफ्टनंतर ट्रान्स-हार्बरची गाडी मिळाली नाही तर सोडायची सोय आहे का, क्वार्टर्स आहेत का? आणि ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती, देऊन-घेऊन झाल्याशिवाय कुणी निघत नाही ना? हे विचारल्यावर मेट्रन, म्हणजे सिस्टरांच्या प्रमुख, कपाळाला आठ्या घालतील तिथे नोकरी घेऊ नका, मग रुग्णालय कितीही चकचकीत असो.

शरीराचंही बघावं लागतं. त्या सीझनमधला क्लाइव्ह किंग नावाचा नर्स दारूच्या आहारी जातो. सलग नाइट केलेल्या माणसाला यातलं सगळं कळतं. झोप उडते, पाळी बिघडते, जेवण अवेळी. घरच्यांनी दुपारी बेल वाजू दिली नाही, पाहुण्यांना ‘ती झोपलीय’ असं न संकोचता सांगितलं, तर अर्धी लढाई जिंकली. लग्नाचं बघाल तेव्हा हेही आधी बोलून घ्या.

माझं मत विचाराल तर तिला जाऊ द्या. वर्षभर वॉर्ड करू दे, मग कॅज्युअल्टी. शाळेतली नोकरी पस्तिसाव्या वर्षीही मिळेल. ही नजर मात्र तरुणपणीच तयार होते, आणि उद्या ती शाळेत गेली तरी तिथल्या मुलांच्या उपयोगी पडेल.

प्रश्न : मालिकांमध्ये मॉनिटरवरची रेघ सरळ झाली की छातीला शॉक देतात आणि पेशंट डोळे उघडतो. खरंच असं होतं?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : नाही. सरळ रेघ म्हणजे हृदयात विजेची काहीच हालचाल नाही. तिथे शॉकचा उपयोग नाही. छाती दाबत राहायचं, श्वास द्यायचा, ॲड्रेनॅलिन द्यायचं. शॉक लागतो तो हृदय नुसतं थरथरत असतं तेव्हा, किंवा ठोके इतके वेगाने पडतात की नाडीच लागत नाही तेव्हा. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकाने तिथल्या मालिका तपासल्या, तर हृदय बंद पडलेले चारातले तीन पेशंट पडद्यावर वाचत होते. प्रत्यक्षात त्याहून फारच कमी वाचतात. ब्रिटिश मालिका त्या मानाने वास्तवाला धरून आहेत.

तुम्हाला घरी करता येण्यासारखं सांगते. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, तर एकाने १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायला सुरुवात करायची. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती निदान पाच सेंटीमीटर खाली जायला हवी, आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. बरगडी मोडेल म्हणून घाबरू नका. दोन मिनिटांत हात भरून येतात, तेव्हा न थांबता दुसऱ्याला जागा द्या. पाणी पाजू नका, कांदा हुंगवू नका.