उपरा, उपरी आणि उपरणं

खानापूरकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. पुण्यातली त्यांची खानावळ बुडाली, त्याच वर्षी वडील गेले, देणी भागवायला गावचं घर विकावं लागलं. आता त्या बेळगावात वडगावला भाड्याच्या खोलीत राहतात. दिवाळी अंकासाठी लिहिलेल्या लेखात त्यांनी ‘मी माझ्या उपरेपणाला मिठी मारली’ असं वाक्य घातलं. मैत्रीण म्हणते, ‘स्वीकारलं’ कर. बरोबर काय, आणि ‘उपरा’ ही शिवी आहे का?

आधी ती मिठी सोडवू. हल्ली जो उठतो तो मिठ्या मारत सुटतो. अपयशाला मिठी, पिकल्या केसांना मिठी! मराठी माणूस मिठी माणसाला मारतो, फार तर पंढरपुरात गरुडखांबाला. ‘अंगीकार’ हा शब्द घरात असताना ही इंग्रजीची उसनवारी कशाला? त्यात अंग आहेच की.

आता ‘उपरा’. परका, बाहेरचा, आगंतुक हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यांत वेळ घालवत नाही. पण सीमाभागात हा शब्द व्यासपीठावरून ज्या बेफिकिरीनं फेकला जातो, त्यानं डोकं फिरतं. १९५६ साली राज्यांच्या हद्दी बदलल्या, तेव्हा बेळगावजवळच्या यळ्ळूरचा शेतकरी यळ्ळुरातच भात लावत होता. उपरा ठरायला आधी कुठून तरी यावं लागतं. हद्द चालत आली, माणूस जागचा हललाच नाही, तर त्याला उपरा कसं म्हणणार? राजकारण राहू द्या, शब्दच तिथं बसत नाही.

खरी गंमत ‘उपरी’त आहे. पेशवाईतल्या महसुली कागदांत कुळं दोन प्रकारची, मिरासदार आणि उपरी. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालातही ही जोडी आहे. मिरास हा अरबी शब्द, आपल्या ‘वारसा’चा सख्खा भाऊ, दोघांचा धातू एकच. मिरासदाराची जमीन वडिलार्जित. तो परागंदा झाला तरी पुढं कधीतरी परत येऊन ती मागू शकायचा. गावात मानपान त्याचा, आणि सारा, म्हणजे शेतसारा, भरायची जोखीमही त्याचीच. उपरी मात्र दुसऱ्या गावाहून आलेला. त्याला बहुधा पडीक किंवा गतकुळी जमीन मिळायची. गतकुळी म्हणजे ज्यांचं कूळच संपलं त्यांची. गेलेल्यांच्या रानात हा नांगर धरायचा. पाटलाकडून कौल, म्हणजे जमीन कसायचा लेखी करार, घ्यायचा, सारा घासाघीस करून ठरवायचा. पडीक मोडायची असेल तर इस्तावा मिळे, म्हणजे पहिल्या वर्षी थोडा सारा, मग दरसाल चढता. नाही जमलं तर बैल सोडून पुढच्या गावाला. मान नाही, पण पायात दोरीही नाही. आमच्या ट्रंकेत मोडीतला एक कागद आहे, कडा वाळवीनं खाल्लेल्या. त्यात खापरपणजोबांच्या नावाला ‘उपरी’ चिकटलंय. माझ्या आजीनं तो कागद पाहुण्यांना कधी दाखवला नाही. मी आल्यागेल्याला दाखवतो.

व्युत्पत्ती संस्कृत ‘उपरि’, म्हणजे वर. मातीत मूळ नाही, वरवर टेकलेला तो उपरा. एका सदरकारांनी मध्यंतरी हा शब्द ‘अपर’पासून, म्हणजे ‘दुसरा’ या अर्थापासून काढून दाखवला. सुरुवातीच्या ‘अ’चा ‘उ’ कुठल्या वाटेनं झाला, ते सांगायचं मात्र विसरले. असे विद्वान इनामदार असतात, पुराव्याचा सारा त्यांना माफ. माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. ‘उपरा’ आणि ‘उपरणं’ ही भावंडं आहेत. धोतर नेसावं लागतं, उपरणं नुसतं वर घेतात. घाम पुसायला तेच, भाकरी बांधायला तेच, आणि निघायची वेळ झाली की झटकून खांद्यावर टाकलं की झालं. कोशवाल्यांना हे नातं पटणार नाही. मी वीस वर्षं सांगतोय, लोक वीस वर्षं हसतायत. माझा छापखाना बुडाला तेव्हाही हसले होते.

हां, क्रियापद राहिलंच. ‘स्वीकारणं’ म्हणजे स्व करणं, आपलंसं करणं. उपरेपण आपलंसं करायचं हा विरोधाभास मला आवडतो, मैत्रिणीला तसं सांगा. तरी मी ‘पत्करलं’ लिहीन. त्यात पत आहे. हमी घेणं, जोखीम अंगावर घेणं हा त्या शब्दाचा जुना अर्थ. बेळगावात कुठल्याही पेठेत मान वर केली की ‘पत्तिन सहकारी संघ’ अशी कन्नड पाटी दिसते, त्यातला ‘पत्तु’ तो आपल्या पतीचाच (नवऱ्याचा नव्हे, उधारीच्या पतीचा). बँकेनं ज्याची पत शून्य धरली, त्यानं उरलीसुरली पत स्वतःच्या शब्दामागं उभी करायची, तेव्हा ‘पत्करलं’ म्हणता येतं. पराभवही आपण पत्करतोच. त्याला मिठी कुणी मारत नाही.

शिवी आहे का? म्हणणाऱ्याच्या तोंडावर आहे. १८१९ च्या अहवालात नाही.

‘उपरेपण’ आणि ‘उपरेपणा’ दोन्ही चालतात. अंक छपाईला जायच्या आत ती मिठी तेवढी काढा.