गोव्यातल्या बागेत आयरिसवर कीड पडली आहे, कोणते औषध मारावे?

तुम्ही लिहिले आहे की डिचोलीला घरासमोर आयरिसचा वाफा आहे. पाऊस ओसरल्यापासून पानांवर चंदेरी रेघा उमटताहेत, बुंध्याशी पांढरे कापसासारखे काहीतरी चिकटले आहे आणि काही कळ्या न उमलताच वाळताहेत. इंटरनेटवर 'आयरिस बोरर'बद्दल वाचून त्याचे औषध गोव्यात कुठे मिळेल, असा तुमचा प्रश्न आहे.

ते औषध शोधू नका. आयरिस बोरर म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एका पतंगाची अळी. तो पतंग शरद ऋतूत वाळक्या पानांवर अंडी घालतो, कडक थंडी संपल्यावर अळी बाहेर पडून पानात शिरते आणि पोखरत पोखरत खाली कंदापर्यंत पोचते. इंटरनेटवरची बागकामाची बहुतेक पाने तिकडच्या लोकांनी लिहिलेली असल्यामुळे आयरिसची कीड शोधली की पहिले नाव तिचेच येते. तुम्ही सांगितलेल्या खुणा तिच्या नाहीत. रेघा फुलकिड्यांच्या आहेत आणि कापूस पिठ्या ढेकणाचा. दोन्ही किडी आपल्याकडे जास्वंदीपासून मिरचीपर्यंत सगळीकडे असतात आणि दोन्ही घरच्या घरी आटोक्यात येतात.

आधी झाड कोणते ते बघा, कारण गोव्यातल्या नर्सरीत 'आयरिस' म्हणून बरीच वेगवेगळी झाडे विकतात. फूल निळे किंवा पांढरे-निळे असून फुलाच्या दांड्याच्या टोकाला नवे रोप फुटत असेल आणि दांडा वाकून जमिनीला टेकत असेल, तर ते वॉकिंग आयरिस, मूळ ब्राझीलकडचे. पांढऱ्या पाकळ्यांवर पिवळा ठिपका आणि मधे जांभळी छटा असेल तर आफ्रिकन आयरिस. नारिंगी फुलावर लाल ठिपके असतील तर लेपर्ड लिली. तिला 2005 साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी आयरिसच्याच प्रजातीत घेतले. ही तिन्ही एकाच कुळातली, तिन्ही आपल्या हवेत रुळतात आणि तिन्हींना खालचेच उपाय लागू पडतात. काश्मीरहून किंवा ऑनलाइन मागवलेले मोठ्या झालरीच्या पाकळ्यांचे आयरिस असेल, तर कीड गेली तरी ते फुलणार नाही. त्याला हिवाळ्याची खरी थंडी लागते, ती डिचोलीत कुठून आणणार?

आता फुलकिडे. आयरिसची पाने पंख्यासारखी एकमेकांना बिलगून येतात, आणि फुलकिडे नेमके त्या बिलगलेल्या जागेत राहतात. मधले कोवळे पान अंगठ्याने हलकेच बाजूला करा. आत बारीक, पिवळट किंवा काळपट, सुईच्या टोकाएवढे लांबट किडे सरपटताना दिसतील. सोबत काळे ठिपके दिसले तर ती त्यांची विष्ठा. डोळ्यांना दिसत नसेल तर पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका, कागदावर ते चालायला लागतात. हे किडे पानाचा वरचा थर खरवडून रस ओढतात. त्या रिकाम्या झालेल्या पेशींत हवा शिरते, म्हणून रेघ चंदेरी दिसते. ती रेघ पुन्हा हिरवी होणार नाही. औषधाचा गुण आला की नाही, हे नव्या पानावरूनच ओळखायचे.

त्यांची अंडी पानाच्या आत टोचलेली असतात आणि कोषावस्था बहुधा मातीत किंवा पालापाचोळ्यात जाते. म्हणजे एका फवारणीत फक्त पानावरचे मरतात. आठवड्याने पुन्हा तेच चित्र दिसते आणि माणूस म्हणतो, कडुनिंबाने काही होत नाही. कडुनिंबाने होते, पण तीन फवारण्या साधारण आठवड्याच्या अंतराने सलग झाल्या पाहिजेत. एक लिटर पाण्याला पाच मिली कडुनिंबाचे तेल घ्या. तेल आधी अर्धा चमचा पातळ साबणात नीट घोटा, मग थोडे थोडे पाणी घाला. नाहीतर तेल वर तरंगते, पंपातली शेवटची फवारणी नुसत्या तेलाची होते आणि पाने भाजतात. फवारणी उन्हे उतरल्यावरच करा. कडुनिंबातला किडींवर चालणारा अंश उन्हात लवकर नासतो, आणि दुपारच्या उन्हात तेलकट पान करपते. नोझल पंख्याच्या मधे, वरून खाली धरा. बाहेरून पाने चकचकीत ओली झाली म्हणजे औषध पोचले असे नाही.

पहिल्या फवारणीआधी वाफ्यातली वाळकी पाने, जुने दांडे आणि कुजका पाला काढून टाका. मला विचाराल तर निम्मा फरक इथेच पडतो. पाला कंपोस्टात घालू नका, पिशवीत बांधून उन्हात ठेवा, मग फेका. निळे चिकट सापळे मिळाले तर पानांच्या उंचीवर एखादा लावा. फुलकिडे निळ्याकडे खेचले जातात. पिवळे सापळे मावा आणि पांढऱ्या माशीसाठी जास्त उपयोगी.

पिठ्या ढेकणाचा कापूस दिसतो तेवढाच नसतो. बाहेरची दोन-तीन पाने बुंध्यापासून सोलून बघा, आत पानाच्या खोबणीत वसाहत असते. झाडावर मुंग्यांची रांग आहे का तेही बघा. ढेकूण गोड चिकटा सोडतात, मुंग्या तो खातात आणि बदल्यात ढेकणांची राखण करतात, त्यांचे शत्रू हाकलून लावतात. मुंग्या असेपर्यंत ढेकूण हटत नाही. आपल्याकडचे हुमले, म्हणजे झाडांवरच्या लाल मुंग्याही हेच करतात. त्यामुळे शेजारच्या आंब्या-काजूची फांदी वाफ्यावर टेकत असेल तर ती छाटा.

वसाहत लहान असेल तर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा. मोठी असेल तर आधी पाइपच्या जोरदार पाण्याने धुऊन काढा, मग वरचेच कडुनिंबाचे मिश्रण मारा. ढेकणावर मेणाचा थर असतो, नुसते औषध त्यावरून ओघळून जाते, म्हणून साबण सोडू नका. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दमट दिवसांत व्हर्टिसिलियम लेकॅनी या किडींना मारणाऱ्या बुरशीची भुकटी, लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी मारली तर फार चांगली चालते. तिला ओल लागते आणि ओलीची गोव्यात कमतरता नाही. मात्र त्या आठवड्यात बुरशीनाशक मारू नका, नाहीतर ही बुरशीही मरेल.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. त्या पांढऱ्या कापसात एखादा किडा बाकीच्यांपेक्षा मोठा, अंगावर मेणाच्या लांब झुलपा असलेला आणि डिवचल्यावर भरभर पळणारा दिसला, तर त्याला हात लावू नका. ती क्रिप्टोलिमस नावाच्या भुंग्याची अळी, ढेकणांवरच जगणारी. हा भुंगा भारतात 1898 साली ऑस्ट्रेलियाहून मुद्दाम आणला गेला. ढेकूण समजून लोक तिला पहिली चिरडतात, कारण तीच ठळक दिसते. ती दिसली तर फवारणी थांबवा, फक्त मुंग्यांचा बंदोबस्त करा आणि तिला तिचे काम करू द्या.

वाळणाऱ्या कळ्यांचे मात्र थोडे तपासून घ्या. वॉकिंग आयरिसचे फूल एका दिवसाचेच. सकाळी उमलते, संध्याकाळपर्यंत मिटून गळपटते, आणि दुसऱ्या दिवशी ते वाळक्या कळीसारखेच दिसते. त्याच देठातून पुढची कळी वर येत असेल तर काही बिघडलेले नाही. कळी हिरवी असतानाच टोकाकडून तपकिरी होत असेल तर ती उघडून बघा, आत फुलकिडे असतील. अशा कळ्या तोडून टाका.

पानांवर हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची नक्षी येऊन झाड खुरटले असेल, तर तो मोझॅक व्हायरस असू शकतो. तो माव्यातून पसरतो आणि त्याला औषध नाही. असे रोप गड्ड्यासकट उपटा. तसेच बुंधा हाताला मऊ लागत असेल आणि घाण वास येत असेल, तर ती कीड नाही, कूज आहे. आपला जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि खाली पाणी न मुरणारी माती, एवढे तिला पुरते. कुजलेला भाग धारदार सुरीने पांढऱ्या, टणक भागापर्यंत कापा, गड्डा एक-दोन दिवस सावलीत सुकवा आणि उंच वाफ्यात खडी मिसळून पुन्हा लावा. गड्डा फार खोल पुरू नका.

पाने रात्रीत कडेने कुरतडलेली दिसली तर बॅटरी घेऊन बघा, मोठी आफ्रिकन गोगलगाय असेल. हातमोजा घालून वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ मातीत टाकू नका. गोगलगायीच्या गोळ्या घरात कुत्रा-मांजर असेल तर अजिबात नकोत.

दुकानदार इमिडाक्लोप्रिड हे रासायनिक कीटकनाशक देईल. गुण लवकर येतो, हे खरे. पण ते झाडात भिनते, फुलांतही उतरते, आणि घरासमोरच्या वाफ्यावर मधमाश्या येतातच. चार पंख्यांच्या झाडासाठी मी ते मारत नाही आणि तुम्हालाही सुचवणार नाही.

वॉकिंग आयरिसची पिल्ले शेजाऱ्यांना द्यायची असतील तर आधी बुंधा साबणाच्या पाण्यात धुऊन द्या, पिठ्या ढेकूण असाच घरोघर जातो. आणि तीन फवारण्यांनंतरही नव्या पानावर रेघा येत राहिल्या, तर एक ताजे पान आणि एक कळी घट्ट बंद पिशवीत घालून जुने गोवे इथल्या कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जा. एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेच्या आवारातच ते आहे. पान सकाळी तोडा आणि त्याच दिवशी पोचवा, म्हणजे किडे जिवंत असतील आणि ओळखायला सोपे जाईल.